तेहतीस माशांचं वाण

सिंगापूरहून परत आल्यापासून कोल्हापुरात जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलंत? ते तोंडातून पाणी सोडणारं सिंहाचं कारंजं बघितलंत का? कारंजं मी बसमधून बघितलं, तेही अर्धंच, कारण मध्ये दुसरी बस आली. सतरा दिवसांच्या मुक्कामातले निदान बारा दिवस मी एका चार फुटी काचेच्या टँकसमोर स्टूल टाकून बसले होते. त्यामुळे हे वाचून कुणाला सिंगापूर दिसेल याची मी खात्री देत नाही. मासे मात्र दिसतील.

वुडलँड्स, गुरुवार

माझी मुलगी मृणाल, जावई निखिलराव आणि नऊ वर्षांची नात ईरा वुडलँड्सला राहतात. हे सिंगापूरचं उत्तरेचं टोक. पुलापलीकडे मलेशिया लागतो आणि घरभाडं जरा माणसात असतं. मृणाल हार्बरफ्रंटला जहाजांच्या एका कंपनीत जाते, निखिलराव रॅफल्स प्लेसला बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतात. दोघं सकाळी सातला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडतात ते संध्याकाळी सातला उगवतात. ईराला जूनची सुट्टी होती, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून हे कोल्हापुरातच थांबले आणि रोज व्हिडिओ कॉलवर सल्ले देऊ लागले.

मी गेले होते ते अधिक महिन्याचं वाण घेऊन. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात हा चौथा अधिक महिना. आधीच्या तीन वेळेला वाण कुणाकुणाच्या सामानातून पाठवलं आणि तिन्ही वेळेला निखिलरावांचा निरोप आला, "छान होते, आई." या वेळी म्हटलं, आपल्या हाताने देऊ.

बॅग उघडली आणि डब्याचं झाकण काढलं तर तेहतिसांतले एकोणीस अनारसे धड होते. बाकीच्यांचा भुगा. नवे करायचे तर तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत वाळवा, आणि इथल्या दमट हवेत तर टॉवेलसुद्धा वाळत नाही. मृणाल म्हणाली, "आई, मोजतंय कोण?" मी म्हटलं, पुरुषोत्तम मोजतोय, त्याचाच महिना आहे.

रविवार, टँकसमोर

या घरात टीव्ही बेडरूममध्ये आहे आणि टीव्हीच्या जागी टँक. आत पाण्याखाली अख्खी बाग. पुढे बारीक पानांची लॉन, मागे लांब पातींचं गवत, मधल्या वाळक्या फांदीवर बांधलेलं नेचं, आणि कोपऱ्यात एक उपडी करवंटी. करवंटी बघून मला बरं वाटलं, तेवढी एकच वस्तू ओळखीची होती. ही बाग जमवायला चौदा महिने लागले असं कळलं. एकेक रोप चिमट्याने लावलेलं, वायूचं नळकांडं वेगळं, दिवा घड्याळावर चालणारा. आमच्या सोसायटीच्या बागेला याच्या निम्मी माया मिळाली असती तर तिथे आज पार्किंग नसतं.

निखिलराव मितभाषी. अकरा वर्षांत ते माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातला निम्मा मजकूर 'छान' एवढाच असेल. भाजी छान, स्वेटर छान, माझी मतंसुद्धा छान. मैत्रिणी म्हणतात, तुला जावई नाही, लॉटरी लागली. पण मी तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलेलं आहे. जो मुलगा प्रत्येक प्रश्नाला "कळलं बाई" म्हणतो त्याला काहीही कळलेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. या माणसाच्या मनात खरं काय चाललेलं असतं, हे मला एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

माशांचा विषय काढला आणि पोस्टकार्ड संपून पाकीट सुरू झालं. निखिलराव अर्धा तास बोलले. टँकमधली मुख्य जोडी म्हणजे दक्षिण अमेरिकेतले बोटाएवढे सिक्लिड. त्यांचं पूर्ण नाव अपिस्टोग्रामा. ते म्हणायला मला दोन दिवस लागले, म्हणून मी ईराने ठेवलेली नावं घेतली. नर प्रिन्स, लांब परांचा, निळसर, नुसता मिरवणारा. मादी मँगो, लहानखुरी आणि पिवळीधमक. मला आधी कावीळच वाटली. ती करवंटीतून बाहेर यायची, इकडेतिकडे बघायची आणि पुन्हा आत जायची. निखिलराव तिच्याबद्दल काहीतरी सांगायला गेले, मृणालकडे बघितलं आणि गप्प झाले.

मग त्यांनी भिंग आणलं आणि सिक्लिड ओळखायचा कसा ते दाखवलं. बहुतेक माशांच्या तोंडावर दोन्ही बाजूंना नाकाची दोन-दोन भोकं असतात, सिक्लिडला एकेकच. पाठीवरचा पर पुढे काटेरी आणि मागे मऊ. अंगावरची रेघ मध्येच तुटलेली. मी वहीत टिपून घेतलं. पुढे ते म्हणाले की हे कुळ फार मोठं आहे, तिलापियासुद्धा याच कुळातली. मी म्हटलं, म्हणजे आपली उजनीची चिलापी. तिचं कालवण काय होतं, थोडी चिंच घालून. असं म्हणून मी टँककडे जरा वेगळ्या आदराने बघितलं तर जावई माझ्या आणि काचेच्या मधे येऊन उभे राहिले. अधिक महिना आहे, मी सगळं सोडलंय, काळजी करू नका, असं मी त्यांना सांगितलं.

सोमवार, क्रांजी

कल्पना ईराची. सकाळी आम्ही दोघी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, काया टोस्ट खात होतो. काया म्हणजे नारळाचा गोडसर मुरंबा. त्यात अंडं असतं हे ईराने शेवटच्या घासाला सांगितलं, तेव्हा पुरुषोत्तमाने मला समजून घेतलं असेल. इथे जागा धरायला लोक टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून खुशाल निघून जातात आणि ते कुणी उचलत नाही. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे भांडण होत नाही. मी अनारशांचं दुःख सांगत होते. ईरा तिथल्या शेपूटवाल्या इंग्रजीत म्हणाली, "गिव्ह बाबा फिश, लाह. बाबा ओन्ली लाइक फिश."

मी टोस्ट खाली ठेवला. अधिक महिना विष्णूचा, मासा हा विष्णूचाच पहिला अवतार, आणि जावयाला माशांचं वेड. तेहतीस अनारशांऐवजी तेहतीस मासे. मोडायचा प्रश्न नाही, भुगा व्हायचा प्रश्न नाही. इतका शास्त्रशुद्ध विचार मला नोकरीतही कधी सुचला नव्हता.

बसने क्रांजीला गेलो. तिथे माशांचं एक फार्म आहे. पत्र्याच्या शेडखाली टँकच्या रांगा, सगळीकडे पाण्याचा आवाज, आणि हाफ पँट व रबरी बूट घातलेले एक चिनी अंकल. मी पिशवीतून भिंग काढलं आणि रांगेने माशांची नाकं तपासायला लागले. अंकल लांबून बघत होते. सव्विसाव्या टँकमध्ये करड्या रंगाची दीड इंची पिल्लं होती, शेकड्याने. नाकाला भोक एकेक. पर पुढे काटेरी, मागे मऊ. रेघ तुटलेली. खात्रीचे सिक्लिड. काचेवरची चिठ्ठी ईराने वाचली, 'असॉर्टेड'. बिस्किटांच्या असॉर्टेड डब्यात नेहमी चांगला माल असतो, म्हणून मी खूश झाले.

अंकलनी विचारलं, "युअर टँक गॉट प्लांट ऑर नॉट?" मी हात लांब करून म्हटलं, "फोर फूट. व्हेरी बिग." ईरा माझा पदर ओढून सांगत होती की ते झाडांचं विचारतायत. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये, असं मी तिला सांगितलं. अंकल म्हणाले, बिग गुड, बिग गुड, आणि जाळी घेतली.

त्यांनी पस्तीस मोजले. दोन फुकट. मी म्हटलं, नको, थर्टी थ्री ओन्ली. त्यांनी पुन्हा समजावलं की दोन फ्री आहेत. मी पुन्हा तेहतीस. शेवटी त्यांनी दोन मासे काढून परत टाकले आणि म्हणाले, "फर्स्ट टाइम आय सी. कस्टमर डोन्ट वॉन्ट फ्री."

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा मासे टँकमध्ये पोचलेले होते. पिशव्या आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगवून मगच मासे सोडायचे, हे अंकलनी सांगितलेलं मी तंतोतंत पाळलं होतं. टँकसमोर रांगोळी, समई, पाट. निखिलरावांना बसवलं, टिळा लावला आणि म्हटलं, या वर्षीचं वाण तिकडे आहे. त्यांनी वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मृणाल त्यांच्याकडे बघत होती. मग ते उठले, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "छान आहेत, आई." जरा जवळून बघतो म्हणून जाळी घेऊन थोडा वेळ टँकपाशी उभेही राहिले. कौतुक चाललंय असं समजून मी शिरा वाढायला घेतला.

तीन दिवस, त्याच स्टुलावर

मंगळवारी सकाळी लॉनचे तीन तुकडे वर तरंगत होते. मूळ धरलं नसेल म्हणून मी बाही वर करून ते मेथीच्या जुडीसारखे परत खोचले. दुपारपर्यंत सात तुकडे. नवे मासे तोंडात वाळू भरून घ्यायचे, दुसरीकडे नेऊन थुंकायचे आणि पुन्हा भरायला यायचे. मला वाटलं, उद्योगी पोरं आहेत. बुधवारी मागचं गवत आडवं झालं आणि नेच्याची पानं कुरतडलेली दिसली.

निखिलराव रोज संध्याकाळी ऑफिसचे कपडे न बदलता चिमटा घेऊन बसायचे आणि एकेक रोप परत लावायचे. मी म्हटलं, त्रास देतात का हो? ते म्हणाले, "नाही, आई. मुळं मोकळी होतात." मात्र त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. पानात वाढलेला अनारसा तेवढा न चुकता संपायचा, रोज एक, गोळी घ्यावी तसा.

मँगोचं तर डोकंच फिरलं होतं. दोन इंचांचा जीव, पण करवंटीच्या जवळ कुणी आलं की सरळ अंगावर जायची. पाच-सहा जणांच्या टोळीला एकटी पळवायची. प्रिन्स मागे उभा राहून पर पसरायचा. मी निखिलरावांना म्हटलं, ही पिवळी फार भांडकुदळ आहे, हिला वेगळी ठेवायची का? ते करवंटीकडे बघून म्हणाले, राहू दे.

गुरुवारी दुपारी ईरा माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, यू कान्ट टेल बाबा आय टोल्ड यू." मग तिने जे सांगितलं ते तिच्या इंग्रजीतून आणि माझ्या मराठीतून जुळवून असं झालं. करवंटीच्या आत छताला मँगोने अंडी चिकटवलेली होती. त्या दिवशी सकाळी ती फुटली आणि आत पिल्लं वळवळत होती. पाच दिवसांनी ती पोहत बाहेर येणार. याआधी दोनदा अंडी झाली आणि दोनदा गेली. बाबा आठ महिने वाट बघतोय. पिल्लं बाहेर आली की लपायला ती लॉन होती, ती आता राहिली नाही. आणि हे नवे मासे आफ्रिकेचे, दगडातले, झाडं उपटणारे. बाहेर आलेलं प्रत्येक पिल्लू ते खाणार. बाबाला पहिल्याच दिवशी कळलं, पण आजीचं प्रेझेंट आहे म्हणून तो काही बोलला नाही.

मी विचारलं, मला अंड्यांचं आधी का सांगितलं नाही? ईरा म्हणाली, "मम्मा सेड, टिल बेबी कम आउट, डोन्ट टेल. आजी विल टेल होल कोल्हापूर."

मृणालच्या वेळी दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा दंडक मीच घातला होता आणि दीड महिन्यात मीच ते सगळ्या शाळेला सांगितलं होतं. मी भिंग घेऊन पुन्हा एका करड्या माशाचं नाक बघितलं. भोक एकच. स्थळ बघताना आडनाव जुळलं म्हणून मी आनंदाने होकार दिला आणि गाव कोणतं हे विचारलंच नाही. झाडाचं तर अंकलनी स्पष्ट विचारलं होतं. मला फार वाईट वाटलं. मुक्या जावयाची बाग मी उपटली होती आणि वर त्याला टिळा लावून नमस्कार करून घेतला होता.

संध्याकाळी मी निखिलरावांना म्हटलं, हे मासे परत देऊ या. ते म्हणाले, "वाण परत करतात का, आई? छान आहेत." माणूस एवढा सभ्य असला की त्याला वाचवायचं कसं, हेच कळत नाही.

बाटली

पाच दिवसांतला एक गेला होता. शुक्रवारी सकाळी मी जाळी पाण्यात घातली. जाळीत नेच्याची एक फांदी आली आणि मासा एकही नाही. ते करडे चोर लाकडाच्या मागून माझ्याकडे बघत होते. दहा वाजता ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी सगळं सांगितलं. ह्यांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग पहिल्यांदाच कामाचा सल्ला दिला. लहानपणी पंचगंगेवर पोरं बाटलीने मासे धरायची. बाटलीचं वरचं तोंड कापायचं, उलटं करून आत बसवायचं आणि आत काहीतरी खायला ठेवायचं. मासा वासाने आत शिरतो आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही.

पाण्याची मोठी बाटली कापली. आत काय ठेवायचं? डब्यात अनारशांचा भुगा पडूनच होता. चिमूटभर घातला आणि बाटली आडवी करून सोडली. सगळी टोळी आली. बाहेरून वास घेतला, एक-दोघे तोंडापर्यंत गेले, आणि सगळे निघून गेले. पाण्यावर तुपाचा तवंग तेवढा राहिला, तो मी कागदी रुमालांनी टिपत बसले. ईरा म्हणाली, "ईव्हन फिश डोन्ट वॉन्ट."

मग तिनेच फ्रीझरमधले मटार काढले. उकडून, साल काढून, ठेचून घातले. दहा मिनिटांत दोन आत. तासाभरात सहा. पकडलेल्यांसाठी बाल्कनीत बादली मांडली आणि तिच्यात हवेची नळी सोडली. संध्याकाळी निखिलराव आले तेव्हा मी कोपरापर्यंत भिजलेली होते आणि बादलीत अकरा मासे होते. त्यांनी बादली बघितली, टँक बघितला, माझ्याकडे बघितलं. बूट काढले आणि दुसरी बाटली कापायला घेतली.

शनिवार-रविवार आम्ही दोघं शेजारी शेजारी स्टुलांवर बसून होतो. बोलणं फारसं नाहीच. ते मटार सोलायचे, मी बाटली सोडायची. रविवारपर्यंत छत्तीस तासांत आम्ही एवढं एकत्र बसलो, जेवढं अकरा वर्षांत बसलो नव्हतो. मृणाल दोनदा येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा तोंडावर ओढणी धरून हसली. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी सत्तावीस, सोमवारी तीस, आणि मंगळवारी सकाळी बत्तीस.

त्याच मंगळवारी दुपारी मँगो करवंटीतून बाहेर आली. तिच्या पोटाखाली धुक्यासारखं काहीतरी हलत होतं. भिंगातून बघितलं तर डोळे दिसले, नुसते डोळे आणि शेपट्या. ती थांबली की सगळं धुकं थांबायचं. मी ईराला जवळ घेतलं. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेहतिसावा

पण एक मासा अजून आत होता. मी तेहतीस सोडले होते, त्याला अंकल साक्षी आहेत. झोपतानासुद्धा माझ्या डोक्यात तोच. करवंटीमागे असेल, लाकडाच्या ढोलीत असेल, आणि मँगोची पाठ फिरली की येऊन पिल्लं उचलत असेल. ईरा आणि मी पिल्लं मोजायचो. कधी एक्केचाळीस भरायची, कधी चौतीस. चौतीस आली की मी टॉर्च घेऊन काचेला नाक लावायची. निखिलराव संध्याकाळी आल्यावर मी विचारायची, दिसला का हो? ते म्हणायचे, "सापडेल, आई."

बुधवारी बत्तीस मासे पिशव्यांत भरून आम्ही दोघी क्रांजीला निघालो. वाटेत पाण्याचा मोठा कालवा लागतो. एवढं लांब कशाला, इथेच सोडू या, असं माझ्या मनात आलं होतं. कठड्यावरच पाटी होती, माशाचं चित्र, त्यावर लाल फुली. पाळलेले मासे इथे पाण्यात सोडणं गुन्हा आहे, कारण ते मूळच्या माशांना खातात, असं ईराने समजावलं. पंचगंगेत आपण काय काय सोडतो ते मी तिला सांगितलं नाही.

फार्मच्या दारावर दुसरी पाटी होती, घेतलेला माल परत नाही. अंकलनी पिशव्या बघितल्या आणि भुवया वर केल्या. मी काही बोलायच्या आत ईरा म्हणाली, "अंकल, आवर टँक गॉट प्लांट." अंकल खदाखदा हसले. "आय आस्क, आंटी. आय आस्क यू." मी कान पकडले. ते म्हणाले, "कॅन, कॅन," म्हणजे चालेल, आणि पिशव्या सव्विसाव्या टँकमध्ये तरंगत सोडल्या. मग त्यांनी विचारलं, बत्तीसच का? एक मासा हरवलाय म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं. शेवटी आत गेले आणि तेव्हा फुकट न घेतलेल्या दोन माशांच्या बदल्यात मला लॉनची रोपं भरलेली एक वाटी दिली. या वेळी मी घेतली.

ती रोपं मी चिमट्याने लावली. निखिलरावांनी फक्त दोनच परत लावली.

शनिवार, बॉम्ब शेल्टर

इथे बऱ्याच नव्या फ्लॅटमध्ये एक बिनखिडकीची खोली असते, जाड काँक्रीटच्या भिंती आणि तिजोरीसारखं लोखंडी दार. बॉम्ब पडले तर लपायला. बॉम्ब पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात गाद्या आणि जुने पंखे ठेवतात. या घरात ती निखिलरावांच्या माशांच्या सामानाची खोली होती आणि तिचं दार मला कधी उघडता आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी त्यांनी रजा घेतली. बॅगा दारात लागल्यावर मला म्हणाले, आई, जरा इकडे या, आणि ते दार ओढलं. आत फळीवर फूटभर लांबीचा एक टँक, त्यात चार दगड, आणि दगडांमधून एक मासा आमच्याकडे बघत होता. करडा राहिला नव्हता. अंगावर निळे पट्टे उठलेले, पोटाखालच्या परावर एक पिवळा ठिपका. नाकाला भोक एकच.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. याची जात तेव्हाच ओळखली. इतर सगळे कधी ना कधी परत द्यावे लागणार, हे दिसतच होतं. पण वाण सगळंच्या सगळं परत करायचं नसतं ना, आई."

मी चार दिवस टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसले होते, त्याचं काय, असं मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली, पण मिशीतलं हसू दिसलंच. म्हणाले, "लॉन उपटल्याचं उट्टं तेवढं राहिलं होतं."

अकरा वर्षांत त्यांनी मला मारलेला हा पहिला टोमणा. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. धपाट्याने धीर आला असावा, कारण ते म्हणाले, "आणखी एक सांगू? मला अनारसे आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत."

आत टँकमध्ये बुडबुड्यांचा आवाज चालू होता. मी लोखंडी दाराला टेकले आणि म्हटलं, "मला तरी कुठे आवडतात?" सासूबाईंनी शिकवले म्हणून मी करत आले, आणि त्यांनाही ते आवडत होते की नाही हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आम्ही दोघं त्या बॉम्ब शेल्टरमध्ये असे हसलो की मृणाल धावत आली. निखिलरावांनी डबा आणून माझ्या बॅगेत परत ठेवला. सात धड राहिले होते. म्हणाले, हे बाबांना द्या.

कोल्हापूर

घरी पोचले आणि फोनवर ईराचा फोटो आला. नव्या लॉनवर मँगो, आणि तिच्याभोवती पिल्लं, आता भिंगाशिवाय दिसणारी. खाली लिहिलं होतं, सत्तावीस, आजी, थ्री टाइम्स चेक. मी फोटो शेजारणीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, शाळेच्या जुन्या ग्रुपवर टाकला. पिल्लं बाहेर आली आहेत, आता सांगायला हरकत नाही.

हे पाय लांब करून खुर्चीत बसले होते. डबा उघडून त्यांनी एक अनारसा घेतला, हळूहळू संपवला आणि म्हणाले, "छान झालेत हं."

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आले. या वेळी मी स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आता खरं सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि डबा हळूच माझ्या बाजूला सरकवला.